काफिया कुणाच्या मालकीचा?

शेंद्रा एमआयडीसीत शिफ्ट सुटली की चहाच्या टपरीवर मोबाइल बाहेर निघतात आणि शायरी सुरू होते. यमक जुळलेल्या दोन ओळी आणि खाली 'मिर्झा गालिब' हे नाव. त्या खरंच गालिबच्या आहेत का, हे कुणी विचारत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाईट याचं वाटतं की आपल्यातला मराठी माध्यमात शिकलेला मुलगा तिथे गप्प बसतो. उर्दू वाचता येत नाही म्हणून शायरी आपली नाही, आणि मराठी कविता शाळेच्या पुस्तकापुरती, म्हणून तीही आपली नाही, असं तो धरून चालतो. वारसा दोन्ही घरांचा, आणि दोन्हीकडे हा पाहुणाच!

माझ्या मते यावर पहिला उपाय साधा आहे. परिभाषा शिकून घ्यावी. समजायला सोपं जावं म्हणून दोन ओळी मीच जुळवल्या आहेत. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावं डोळ्यांसमोर होती:

जळाच्या तळाशी जुने गाव होते
तिथे उंबऱ्याला तुझे नाव होते

यातली एक ओळ म्हणजे मिसरा. दोन मिसरे मिळून शेर, आणि शेर स्वतःपुरता पूर्ण असावा लागतो. शेवटी जसाच्या तसा येणारा 'होते' हा रदीफ. त्याआधी यमक साधणारे 'गाव', 'नाव' हे काफिये. पुढे 'घाव', 'डाव', 'ठाव' चालतील, 'देव' चालणार नाही. कारण 'व'च्या आधीचा 'आ' बदलला. या स्वराला अलामत म्हणतात. दोन्ही ओळींत काफिया-रदीफ असलेला पहिला शेर म्हणजे मतला. नंतरच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत येतात. शेवटच्या शेरात कवी आपलं टोपणनाव, म्हणजे तखल्लुस, गुंफतो, तो मक्ता. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते, तिचं कामही तेच.

राहिली बहर, म्हणजे वृत्त. पहिल्या ओळीचे चार तुकडे करा: जळाच्या / तळाशी / जुने गा / व होते. प्रत्येक तुकड्यात आधी एक लघु, मग दोन गुरू. अरबी छंदशास्त्रात याला 'फऊलुन' म्हणतात. चार फऊलुन झाले की मुतकारिब बहर. शाळेत आपण यालाच 'य' गण म्हणतो आणि चार य गणांचं भुजंगप्रयात होतं. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. फिरदौसीचा शाहनामाही मुतकारिबमध्येच, फक्त प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर गळालेलं. चालीपुरते दोघे चुलतभाऊच!

तरीही काही उर्दूवाले म्हणतात, मराठीत गझल होतच नाही. काही मराठीवाले म्हणतात, गझल परकी आहे. दोघांनी आपल्याच मुलखाकडे नीट पाहावं. वली आणि सिराज यांच्या नावापुढे 'औरंगाबादी' लागतं. १९२५ मध्ये फारशी-मराठी कोश देणारे माधव जूलियन यांनीच १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' दिली. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून ही सगळी परिभाषा नवोदितांसमोर मोकळी करून ठेवली. उलट दिशेनेही वाट चालली होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला. त्यांना कुणी विचारलं नसावं की ओवी कुणाच्या धर्माची!

कुणी म्हणेल, परिभाषा पाठ करून कवी होता येतं का? नाही होता येत. पण चांगली ओळ आणि नुसती जुळवाजुळव यांतला फरक कळू लागतो. मुख्य म्हणजे भीती जाते. जे मोजता येतं, ते शिकता येतं. आणि जे शिकता येतं त्यावर कुण्या एका जमातीचा सातबारा नसतो.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. उर्दू शाळेत मराठीच्या तासाला भुजंगप्रयात शिकवताना शेजारी 'फऊलुन' लिहा. मराठी शाळेत य गण शिकवताना मुतकारिबचं नाव सांगा. एकाच फळ्यावर, एकाच खडूने. पाच मिनिटंही लागणार नाहीत.