दोघांचं व्हेनिस

दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींत जोडप्याला निवांत बोलायलाही सवड मिळत नाही. म्हणून या अंकासाठी आम्ही एकच शहर निवडलं : व्हेनिस, तेही फक्त तीन रात्रींसाठी.

हे शहर पाहुण्यांच्या गर्दीनं मेटाकुटीला आलं आहे. २०२१मध्ये सान मार्को चौकासमोरून जाणाऱ्या महाकाय क्रूझ जहाजांवर बंदी आली. २०२४पासून ठरावीक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना प्रवेशशुल्क पडतं. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, आणि मुक्काम करावाच असं आमचं ठाम मत आहे. दिवसभराचे प्रवासी परतले की गल्ल्या मोकळ्या होतात. अशा वेळी एक नंबरच्या वापोरेत्तोत, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीत, बसावं. ग्रँड कालव्यातून ती धक्क्याधक्क्यावर थांबत संथ जाते. दिवे लागलेले महाल दोन्ही बाजूंनी सरकत राहतात आणि रिआल्टोचा १५९१चा दगडी पूल डोक्यावरून जातो.

गोंडोलाही हवाच! २०२३च्या अखेरीस ठरलेला अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे; तो नावेचा, माणशी नव्हे. एवढा खर्च नको असेल तर कालवा ओलांडणारी त्रागेत्तो नाव अगदी थोडक्या पैशांत पलीकडे सोडते.

व्हेनिसला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा तयारी आत्ताच सुरू करा. अंकातल्या लेखांत खर्च, मुक्काम, ऋतू यांचा तपशील आहे. तुम्ही दोघांनी असं एखादं शहर निवांत पाहिलं असेल, तर आम्हाला जरूर लिहा.