हात नव्हे, पाणी चुकलं

माझी ताई दापोऱ्याला दिलेली, बऱ्हाणपूर जिल्ह्यात. केळी-कापसाची काळी माती. परवा फोनवर तिचा आवाज पडलेला. लेकीनं पुण्याहून आणलेलं पांढऱ्या फुलांचं लॅव्हेंडर श्रावणात सुकलं. "माझ्या हाताला गुणच नाही गं," म्हणाली.

"पाणी किती घालत होतीस?"

"रोज. तुळशीला तांब्याभर, तसंच त्यालाही."

इथंच घोटाळा झाला. तुळस, मरवा (कन्नड घरांतला मरुग) आणि लॅव्हेंडर एकाच कुळातले. पण लॅव्हेंडर मूळचं भूमध्य सागराकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात आणि वरून झाड तहानलेलं दिसतं. आपण मायेनं आणखी पाणी ओततो!

मैत्रिणींनो, हे झाड मातीच्या कुंडीत लावा. तळाला मोठं भोक, निम्मी माती, निम्मी जाड वाळू. सकाळचं ऊन द्या, उन्हाळ्यात दुपारची सावली. पावसाळ्यात कुंडी ओसरीवर घ्या. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. बियांतून पांढराच रंग येईल याची खात्री नसते; म्हणून फूल न आलेल्या फांदीची बोटभर काडी लावावी.

ताईच्या झाडाची एक फांदी अजून हिरवी होती. तिच्या तीन काड्या तिनं ओलसर वाळूत खोचल्यात. लेक दिवाळीला येणार आहे. झाड गेल्याचं ताईनं तिला अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "सांगून टाक. आणि काड्याही दाखव."