घरातला जकातनाका

१ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात संपुष्टात आली आणि मुलुंड, दहिसर येथील नाके निकामी झाले. मालमोटारींच्या लांबच लांब रांगा, नाक्यावरची दलाली, चिरीमिरी यांना कंटाळलेल्या नागरिकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्या जकातीविषयी कितीही तक्रारी असल्या तरी दोन गोष्टी नाकारता येत नव्हत्या. नाक्यावर जमणारा पैसा मुंबई महानगरपालिकेच्या तिजोरीत जात असे आणि त्यातून पाणीपुरवठा, रुग्णालये व शाळा चालत. शिवाय त्या वसुलीचा जाब निवडून दिलेल्या नगरसेवकाला भर सभेत विचारता येत असे.

आज त्याच उपनगरांत, घाटकोपरपासून बोरीवलीपर्यंत, दुसऱ्या प्रकारचा जकातनाका उभा राहिला आहे. तो रस्त्यावर नाही, घराच्या बैठकीच्या खोलीत आहे. दूरचित्रवाणीच्या संचाला जोडलेल्या खेळाच्या यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, अंधेरीतील मुलाला मुलुंडमधील मित्राबरोबर खेळावयाचे असेल तर त्याला आधी वर्गणी भरावी लागते. ही वर्गणी बहुधा आगाऊ असते. दुकानातून किंवा मोबाईलवरून अंक-अक्षरांचा एक कोड विकत घ्यावयाचा, तो यंत्रात भरावयाचा आणि मग महिना, तीन महिने किंवा वर्षभर खेळाचा दरवाजा उघडा राहतो. मुदत संपली की दरवाजा बंद.

हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकाने हाती घ्यावा काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांना येईल. रेशन, घरे, कंत्राटी कामगार हे प्रश्न समोर असताना सुखवस्तूंच्या पोरांच्या खेळण्याची चिंता कशाला, असे ते म्हणतील. २०२१ साली भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. नवा खेळ पाच हजारांच्या घरात जातो. तेव्हा ही शंका निराधार नाही. तथापि प्रश्न खेळण्याचा नसून कराराच्या स्वरूपाचा आहे, आणि तो करार खेळण्यापाशी थांबलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत उबरने भारतातील रिक्षाचालकांकडून फेरीमागे कमिशन घेण्याऐवजी ठराविक वर्गणी घेण्याची पद्धत सुरू केली. कमिशनपेक्षा ती चालकाला बरी वाटेलही. पण तिचा अर्थ असा की, रिक्षा चालकाची, कर्ज चालकाचे, गॅस चालकाचा. आणि समोरच्या प्रवाशाला भेटण्यासाठी मात्र भाडे कंपनीला द्यावयाचे, त्या दिवशी धंदा होवो वा न होवो. दिवाणखान्यातला मुलगा आणि स्थानकाबाहेरचा रिक्षावाला एकाच नाक्यावर उभे आहेत. पहिल्याची वसुली समजून घेतली तर दुसऱ्याची समजणे सोपे जाईल.

या वर्गणीचे समर्थन असे केले जाते की, खेळाडूंना एकमेकांशी जोडावयास यंत्रणा लागते, तिला खर्च येतो, तो कोणी तरी द्यावयास हवा. हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ साली एक्सबॉक्सवर अशी सशुल्क सेवा सुरू केली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर मात्र मित्राबरोबर ऑनलाइन खेळण्यास शुल्क नव्हते. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आले आणि तेच खेळणे वर्गणीच्या कुंपणात गेले. निन्टेंडोनेही आपल्या स्विच या यंत्रावर सप्टेंबर २०१८ पासून पैसे आकारण्यास आरंभ केला. साध्या संगणकावर मात्र त्याच प्रकारचे, पुष्कळदा तेच खेळ आजही अशा वेगळ्या वर्गणीशिवाय खेळले जातात. खर्च हेच कारण असते तर ते संगणकालाही लागू पडले असते. फरक इतकाच की, संगणकाच्या दाराशी एकाच कंपनीचा पहारा नाही आणि कन्सोलच्या दाराशी आहे. जेथे कुंपण घालता येते तेथे वसुली होते. येथे खर्चाचा संबंध दुय्यम आहे.

अर्थशास्त्रात अशा उत्पन्नाला नफा म्हणत नाहीत, खंड म्हणतात. या सेवेत मूल्य कोण निर्माण करतो? यंत्र ग्राहकाने विकत घेतलेले, खेळ त्याने विकत घेतलेला, वीज त्याची, इंटरनेटचे मासिक बिल तोच भरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्याबरोबर खेळावयाचे तो सवंगडीही कंपनीने निर्माण केलेला नाही. शाळेतला, चाळीतला, सोसायटीतला मित्र त्या यंत्रावर आहे म्हणूनच हा मुलगा तेथे जातो. आणि हा गेला म्हणून तिसरा येतो. खेळाडूंनी परस्परांना दिलेले हे मूल्य आहे. कंपनी त्याच्या वाटेवर बसून वसुली करते. कोकणातून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या घरांना खोत म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले तेव्हाचा प्रश्न हाच होता: जो कसत नाही त्याने कोणत्या अधिकाराने वसूल करावयाचे?

आता ‘आगाऊ’ या शब्दाकडे वळू. आगाऊ पैसे घेणे हेच मुळात वाईट, असे कोणीही म्हणणार नाही. बोरीवलीचा नोकरदार रेल्वेचा पास आगाऊच काढतो. वाचनालयाची अनामत आगाऊच असते. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारी-शेजारी संघ करून महिन्याच्या किराण्याची मागणी आधीच नोंदवतात. पण या तिन्ही ठिकाणी आगाऊपणाचा लाभ भरणाऱ्याला मिळतो. पासामुळे प्रवास स्वस्त होतो, वाचनालय सोडताना अनामत परत मिळते आणि पंचायतीची एकत्रित खरेदी मधल्या दलालाला बाजूला सारते. शिवाय तेथे जाब विचारण्याची सोय असते. जून २०१४ मध्ये रेल्वेने भाडेवाढ जाहीर केली आणि उपनगरी पासाचा हिशेब पंधरा फेऱ्यांऐवजी तीस फेऱ्यांवर नेण्याचे ठरवले, तेव्हा मुंबईतून असा गदारोळ उठला की, चार-पाच दिवसांत सरकारला पासाची ती वाढ मागे घ्यावी लागली. सार्वजनिक सेवेचा दर हा राजकीय प्रश्न असतो, हेच त्या माघारीने सिद्ध केले.

कन्सोलच्या वर्गणीला असा कोणताही लगाम नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सोनीने वर्षाच्या वर्गणीचे दर जगभर वाढवले. सर्वांत साध्या श्रेणीचा अमेरिकेतील दर सुमारे ६० डॉलरवरून ८० डॉलरवर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या वरच्या श्रेणीचा अमेरिकेतील मासिक दर सुमारे २० डॉलरवरून ३० डॉलर केला. मुलुंडच्या ग्राहकाने याचा जाब कोठे विचारावयाचा? त्याच्या प्रभागाच्या नगरसेवकाला, आमदाराला की संसदेला?

आगाऊ भरलेल्या पैशाच्या संरक्षणाची कथाही अशीच आहे. मोबाईलवरील सर्वसाधारण पाकिटात ग्राहकांनी ठेवलेली रक्कम बिगरबँक कंपनीला बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावी लागते, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. परंतु जे कार्ड किंवा जो कोड केवळ देणाऱ्या कंपनीच्याच दुकानात चालतो, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि म्हणून ते बंधनही नाही. परिणामी हजारो घरांनी भरलेली रक्कम कंपनीला बिनव्याजी वापरावयास मिळते. ती सहसा रोखीत परत मिळत नाही. कोणी कोड विसरला, कोणाच्या खात्यात शंभर-दीडशे रुपये पडून राहिले, तर ते कालांतराने कंपनीच्या उत्पन्नात मिळवण्याची हिशेबशास्त्रात रीतसर सोय आहे. पोस्टात वा सहकारी पतपेढीत पैसे ठेवणाऱ्याला व्याज मिळते. येथे ठेवणाराच वर्गणी भरतो.

आणि या वर्गणीतून हाती काय उरते? दरमहा ‘मोफत’ म्हणून दिलेले खेळ वर्गणी थांबताच बंद होतात. पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या खेळाचीही शाश्वती नाही. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली विकलेला ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांना तो एकट्यानेही खेळता येईना. ग्राहकाची स्थिती मालकाची नव्हे, मर्जीवर ठेवलेल्या कुळाची झाली आहे. कुळाला निदान १९४८ च्या कूळकायद्याने संरक्षण दिले. या नव्या कुळाला कोणता कायदा आहे? कॅलिफोर्नियासारख्या भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यानेही २०२४ मध्ये कायदा करून, केवळ वापराचा परवाना देताना ‘खरेदी’ हा शब्द स्पष्ट खुलाशाशिवाय वापरण्यास मनाई केली. युरोपात असे खेळ बंद पाडण्याविरुद्धच्या निवेदनावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

‘कोणी सक्ती केली आहे? परवडत नसेल तर घेऊ नये,’ हे उत्तर ठरलेले आहे. सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच उत्तर मिळत असे. उपनगरातील किती मैदाने मुलांसाठी उरली आहेत हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वॉर्डात मोजून पाहावे. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने गेले आणि त्या जागी मॉल व मनोरे आले. जेथे राष्ट्र सेवा दलाच्या सायंशाखेची मुले विनाशुल्क खेळत, तशा मोकळ्या जागा वाहनतळांनी गिळल्या. मैदान हिरावून घ्यावयाचे आणि मग खोलीत बसून खेळणाऱ्या मुलाकडून वर्गणी घ्यावयाची, याला स्वतंत्र निवड म्हणणे ही थट्टा आहे.

सरकार काय करते? ग्राहकाच्या वर्गणीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर त्याच्याकडून वसूल होतो. उलट परदेशी डिजिटल कंपन्यांवर २०२० मध्ये बसवलेली २ टक्क्यांची समकारी आकारणी अमेरिकेच्या दबावानंतर १ ऑगस्ट २०२४ पासून रद्द झाली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैजेच्या खेळांवर बंदी घातली, आणि ते योग्यच झाले. परंतु वर्गणीच्या खेळांना त्या बंदीतून वगळले आणि वर्गणीच्या अटींना हातही लावला नाही. मात्र सरकारला काहीच करता येत नाही असेही नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आपोआप वसुलीपूर्वी चोवीस तास सूचना देणे बंधनकारक केले तेव्हा भल्याभल्या परदेशी कंपन्यांची वसुली अडली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वर्गणीच्या सापळ्याला अनुचित प्रथा ठरवले. पण कोड एकदम विकला की आपोआप वसुलीचे बंधन लागूच होत नाही. पळवाट नेमकी येथे आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एकाच दुकानात चालणाऱ्या आगाऊ कार्डांची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घालावे. न वापरलेली शिल्लक मागताच रोख परत मिळावी. मध्येच वर्गणी सोडल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे द्यावेत. पूर्ण किमतीला विकलेला खेळ कंपनीने बंद केल्यास तो स्वतंत्रपणे चालवण्याची सोय अथवा भरपाई द्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य करार रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. तो वापरून पाहावा. आणि वॉर्डावॉर्डात मैदानांसाठी लढा द्यावा, कारण मूळ प्रश्न तेथेच आहे.

हे अशक्य वाटत असेल तर दोन घटना आठवाव्यात. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सची वर्गणी जवळजवळ दुप्पट करण्याचे जाहीर केले. जगभरचे खेळाडू असे खवळले की, दिवस संपण्यापूर्वी कंपनीने वाढ मागे घेतली आणि फुकट वाटल्या जाणाऱ्या खेळांसाठी ही वर्गणी लागू नये हेही मान्य केले. त्यांच्यामागे संघटना नव्हती, पक्ष नव्हता. दुसरी घटना याच उपनगरांच्या परिचयाची आहे. १९७२ साली गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांनाही हा बायकांच्या स्वयंपाकघरातला किरकोळ प्रश्न आहे असे सुनावणारे होतेच. तेल, साखर, रॉकेल यांचा भाव हा राजकारणाचा विषय आहे हे त्या स्त्रियांनी राज्यकर्त्यांना शिकवले. दिवाणखान्यातल्या जकातीचा भाव हाही तसाच विषय आहे. ज्या मुलांकडून ती घेतली जाते ती उद्याची मतदार आहेत. अन्याय्य वसुलीविरुद्ध पहिले बोट धरावयास त्यांच्याजवळ आज कोणी गेले नाही, तर उद्या रिक्षावाल्याच्या आणि कंत्राटी कामगाराच्या मोर्चात ती का यावीत?