दुसरी लेन्स घेणार आहात का?

पन्नास-साठ हजार रुपये बाजूला काढून कॅमेरा घ्यायला निघालेल्या हौशी माणसाला बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: सुरुवातीचा मिररलेस घ्या. कारणेही ठरलेली असतात. सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते, हात बसला की पुढे जायला वाव. वॉटरप्रूफ कॉम्पॅक्टचे नाव कुणी काढलेच, तर ‘त्याचा सेन्सर मोबाइलपेक्षाही लहान असतो’ या एका वाक्यात तो निकालात निघतो. वाक्य खोटे नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट आहे. ज्याला पुढे दुसरी लेन्स घ्यायची नाही आणि ज्याचे फिरणे मुख्यतः पावसाळ्यात, घाटमाथ्यावर किंवा समुद्रकाठी होते, त्याने मिररलेसच्या मागे लागू नये. त्याच्यासाठी वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट हाच शहाणपणाचा सौदा आहे.

२०२३ मध्ये बाजारात आलेले दोन कॅमेरे उदाहरण म्हणून घेऊ. एक कॅननचा ईओएस आर१००, दुसरा ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७, म्हणजे ओलिम्पसच्या जुन्या टफ मालिकेचा वारस. अमेरिकेत ते आले तेव्हा किट लेन्ससह आर१०० सहाशे डॉलरच्या घरात होता, तर टीजी-७ साडेपाचशेच्या. म्हणजे खिशाला दोघे जवळपास सारखेच. आर१००चा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ सुमारे ३३२ चौरस मिलिमीटर. टीजी-७चा जेमतेम २८. फरक बारापटीचा, आणि दुकानात आपल्याला सांगितला जातो तो एवढाच. पण सेन्सरपर्यंत प्रकाश किती पोहोचणार, हे लेन्स ठरवते. आर१००सोबत येणारी १८-४५ची किट लेन्स रुंद बाजूला एफ/४.५च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त); टीजी-७ची लेन्स त्या बाजूला एफ/२ला उघडते. म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर कॉम्पॅक्टला पाचपट प्रकाश मिळतो. बाराला पाचाने भागले की मिररलेसचा फायदा साधारण अडीचपट उरतो, एका स्टॉपहून, म्हणजे प्रकाशाच्या एका दुपटीहून, थोडा जास्त. झूम केल्यावर कॉम्पॅक्टची लेन्सही एफ/४.९पर्यंत आखडते आणि मिररलेस पुन्हा स्पष्टपणे पुढे जातो, हेही खरे. मात्र डोंगरातले बहुतेक फोटो कड्याचे, दरीचे, धबधब्याचे आणि सोबतच्या माणसांचे, म्हणजे रुंद बाजूचेच असतात. तिथे बारापटीच्या आशेने पैसे मोजायचे आणि अडीचपट घेऊन घरी यायचे, असा हा व्यवहार होतो.

मिररलेसची खरी ताकद किट लेन्स उतरवल्यावर दिसते. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्तात गणली जाते. किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ/६.३ला अडकते, तिच्या जागी ही लेन्स लावली की त्याच सेन्सरवर बारापट प्रकाश येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मंचावर नाचणाऱ्या मुलीचा फोटो किट लेन्सने काढताना शटर १/३० सेकंदावर रेंगाळत असेल, तर या लेन्सने तोच फोटो तेवढ्याच आयएसओवर १/३५०च्या आसपास निघतो. पहिल्या फोटोत हात पुसल्यासारखे दिसतील, दुसऱ्यात बोटांची मुद्रा दिसेल. म्हणून मिररलेस घेणाऱ्याने स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा तो दुसऱ्या लेन्सचा. ती घेतली जाणारच नसेल, तर मोठ्या सेन्सरसाठी मोजलेल्या पैशांतला बराच भाग वाया जातो.

दुसरा प्रश्न पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नेमके याच चार महिन्यांत महाराष्ट्र घराबाहेर पडतो. राजमाची, लोहगड, हरिश्चंद्रगडाच्या वाटा याच दिवसांत माणसांनी भरतात, पंढरीची वारीही पावसातच चालते. सुरुवातीच्या किमतीच्या मिररलेसना पाण्यापासून संरक्षण देणारी सीलिंग सहसा नसते, आर१००लाही नाही. शिवाय किट लेन्स झूम करताना लांब-आखूड होते आणि दर वेळी लोहाराच्या भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते. पावसाळ्यात ती हवा पाण्याने जड झालेली असते. हवेतली आर्द्रता बराच काळ साठ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या काचांवर बुरशी धरण्याचा धोका वाढतो, आणि कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते. एकदा काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले की साफसफाईचा खर्च किट लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. हे ठाऊक असलेला मालक कॅमेरा पिशवीत गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवतो. काळजी म्हणून ते बरोबरच आहे, पण सॅकच्या तळाशी असलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर किती मोठा आहे याला काहीच अर्थ उरत नाही.

वॉटरप्रूफ कॉम्पॅक्टची रचनाच वेगळी असते. टीजी-७ची लेन्स झूम करताना बाहेर येत नाही. भिंगांची सगळी हालचाल बंद पेटीच्या आत होते. तो १५ मीटर खोल पाण्यापर्यंत चालतो, दोन मीटर उंचीवरून पडण्याचा धक्का सोसण्यासाठी बांधलेला आहे आणि त्याचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आत आहे. किट लेन्ससह आर१००चे वजन याच्या जवळपास दुप्पट भरते. पण सह्याद्रीत फिरणाऱ्याला त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे जवळचा फोकस: लेन्सपासून अवघ्या एक सेंटिमीटरवरची वस्तू तो स्पष्ट टिपतो. आपल्या पावसाळ्याचे निम्मे वैभव याच अंतरावर असते. कासच्या पठारावरच्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे केस आणि त्यांच्या टोकांवरचे चिकट थेंब उघड्या डोळ्यांना नुसते लाल ठिपके वाटतात; एवढ्या जवळून काढलेल्या फोटोत त्यात अडकलेल्या चिलटाचे पंखही मोजता येतात. (पाऊलवाट सोडून फुलांवर आडवे न पडता असा फोटो मिळाला तरच काढावा, हे वेगळे सांगायला नको.) आंबोलीच्या सड्यावर पहिल्या पावसात दिसणारा आंबोली टोड २००९ मध्ये विज्ञानाच्या नोंदीत आला. असे जीव डबक्यात, चिखलात आणि धो धो पावसात भेटतात. तिकडे मालवणच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करायचे, तर मिररलेससाठी वेगळे हाउसिंग लागते आणि चांगले हाउसिंग अनेकदा कॅमेऱ्याहून महाग पडते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मोबाइलचा आहे. आजचे बरेच फोन आयपी६८ दर्जाचे असतात आणि चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर वॉटरप्रूफ कॉम्पॅक्टपेक्षा खरोखरच मोठा असतो. कोरड्या दिवशी, भरपूर उजेडात, असा फोन या कॅमेऱ्याला सहज मागे टाकेल. म्हणून रोजच्या फोटोंसाठी कुणी वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट घेणार असेल, तर त्याने पैसे वाचवावेत. पण आयपी६८ची चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. समुद्राचे खारे पाणी आणि धबधब्याचा मारा तिच्या हिशेबात नसतो. पाणी आत गेल्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. ओल्या काचेवर बोट नीट उमटत नाही आणि पाण्याखाली तर टचस्क्रीन निकामीच होते. कॉम्पॅक्टला दाबायचे बटण असते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे फोनमध्ये आज आपली बँक, तिकीट, ओळखपत्र आणि संकटात फोन करायचे नंबर असतात. निसरड्या कड्यावर हातातून काही सुटायचेच असेल, तर ते फोनऐवजी दुसरे काहीतरी असलेले बरे.

दुसरा आक्षेप असा की मिररलेसवर फोटोग्राफी शिकता येते, कॉम्पॅक्टवर फक्त बटण दाबता येते. यात तथ्य आहे. टीजी-७मध्ये अ‍ॅपर्चर निवडता येते, रॉ फाइल मिळते, पण पूर्ण मॅन्युअल मोड नाही आणि शटरचा वेग आपल्या हाताने ठरवता येत नाही. पार्श्वभूमी धूसर करून माणसाचा चेहरा उठून दिसेल असे पोर्ट्रेट लहान सेन्सरकडून होत नाही. पक्ष्यांमागे हिंडायचे असेल, तर त्याचा झूम तोकडा पडतो. ज्याला हे शिकायचे आहे, त्याने मिररलेसच घ्यावा. मात्र शिकण्याचा खर्च दुसऱ्या लेन्सशिवाय पूर्ण होत नाही, हे धरून बजेट मांडावे. मेगापिक्सेलचा मुद्दा मात्र फसवा आहे. टीजी-७चे १२ मेगापिक्सेल आर१००च्या २४ समोर निम्मे दिसतात, पण तेवढ्यात ए४ कागदाहून मोठी छपाई उत्तम होते, आणि आपले बहुतेक फोटो तर फोनच्या पडद्यापलीकडे जातच नाहीत. राहिला रेनकव्हरचा उपाय. रिमझिम पावसात तो चालतो. पण कव्हरच्या आत घाम धरतो, वारा आडवा सुटला की पाणी समोरूनच येते, आणि लेन्स बदलायची वेळ आली तर कॅमेऱ्याचे तोंड उघडेच पडते.

वॉटरप्रूफ म्हणजे वाट्टेल तसा वापरायचा असाही अर्थ कुणी काढू नये. पाणी अडवते ती बॅटरीच्या झाकणाभोवतीची बारीक रबरी सील. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा केस राहिला, तरी पाण्याला वाट मिळते. समुद्रातून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे, झाकण फक्त कोरड्या हातांनी आणि कोरड्या जागी उघडणे, आणि कंपनी सांगते तसे वर्षातून एकदा सील बदलून घेणे, एवढे करावे लागते. म्हणून घेण्याआधी ही सेवा आपल्या शहरात किंवा जवळपास कुठे मिळते, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर तो मुद्दा किमतीइतकाच गंभीर समजावा.

निर्णय घ्यायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्या फोनमधले मागच्या दोन वर्षांचे फोटो चाळा. घरातले कार्यक्रम, मुले, माणसांचे चेहरे, पक्षी यांचेच फोटो जास्त असतील आणि दुसऱ्या लेन्सचे पैसे आजच बाजूला काढता येत असतील, तर बिनधास्त मिररलेस घ्या. वर्षानुवर्षे साथ देईल. बहुतेक फोटो ओल्या वाटांवरचे आणि पाण्याकाठचे असतील, किंवा पाऊस लागला म्हणून काढायचेच राहून गेले असतील, तर कमीपणा न मानता वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट घ्या. जन्मभर किट लेन्सवरच राहणारा आणि पहिल्या सरीला सॅकमध्ये शिरणारा मिररलेस मात्र कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका.