फेसानें पाणी धुणारें यंत्र

साखरेच्या पाकाला उकळी आली म्हणजे गृहिणी त्यांत चमचाभर दूध सोडते आणि थोड्याच वेळांत काळसर मळी फेसाबरोबर वर येते. झाऱ्यानें ती अलगद काढली कीं खालीं नितळ पाक राहतो. डाळीच्या आधणावरचा फेसहि आपण असाच काढून टाकतों. पावसाळ्यांत कोंकणच्या किनाऱ्यावर लाटांनीं लोटलेला पिवळट, चिकट फेस ज्यांनीं पाहिला असेल त्यांना, समुद्रहि आपल्या परीनें हाच उद्योग करीत असतो, हें सहज पटेल. पाण्यांतील घाण फेसाच्या आधारानें वर आणून वेगळी काढावयाची, ही युक्ति घरीं खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांनीं उचलली आणि तिच्यासाठीं एक स्वतंत्र यंत्र तयार झालें. बाजारांत त्यास ‘प्रोटीन स्किमर’ म्हणतात. आपण त्यास फेस-यंत्र म्हणूं.

एका वाचकांनीं या यंत्राविषयीं विचारणा केली आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं २०० लिटरांची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. पहिल्या चार महिन्यांतच तीन मासे दगावले. दुकानदार म्हणतो, ‘आहे त्याच्या दुप्पट मोठें यंत्र घ्या, म्हणजे काळजी मिटेल.’ घ्यावें कीं न घ्यावें, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न पैशाचा आहेच. परंतु त्याहून तो मुक्या जिवांचा अधिक आहे. समुद्रांतल्या माशाभोंवतीं अफाट पाणी असतें. त्याची विष्ठा, उरलेलें अन्न, कुजलेलें शेवाळ हें सर्व त्यांत विरून जातें. काचेच्या चार भिंतींत आपण त्याला कोंडला म्हणजे या मळाची वाट लावण्याचें कर्तव्य आपल्यावर येतें. म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देत आहें.

प्रथम यंत्राचें कार्य पाहूं. प्रथिनें, स्निग्ध पदार्थ आणि त्यांच्या कुजण्यांतून निघणारीं कांहीं द्रव्यें यांच्या रेणूंचें एक अंग पाण्याकडे ओढ घेतें, तर दुसरें पाण्यापासून दूर पळूं पाहतें. अशा रेणूस पाणी आणि हवा यांची सीमा ही सर्वांत सोयीची जागा. पाण्यांत बुडबुडा सोडला कीं हे रेणु त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि त्याच्याबरोबर वर जातात. यंत्रांत एक उभें नळकांडें असतें. पाणी आणि बारीक बुडबुडे यांचें मिश्रण खालून त्यांत शिरतें. वर त्याचा गळा अरुंद होत जातो. गळ्यांत बुडबुडे दाटतात, त्यांच्यामधलें पाणी हळूहळू निथळून खालीं जातें आणि दाट, मळकट फेस गळ्याच्या कांठावरून वरच्या पेल्यांत सांडतो. तो पेला रिकामा करणें म्हणजे टाकींतील मळ कायमचा घराबाहेर काढणें होय.

बुडबुडे जितके बारीक तितकें काम अधिक, हें साध्या गणितानें दिसतें. एक लिटर हवेचे ५ मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग १.२ चौरस मीटर भरतो. तीच हवा १ मिलिमीटरच्या बुडबुड्यांत विभागली तर तो ६ चौरस मीटर होतो. शिवाय बारीक बुडबुडे सावकाश वर चढतात, त्यामुळें रेणूंना चिकटण्यास अवधि अधिक मिळतो. गोड्या पाण्यांत लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून लगेच मोठे होतात. समुद्राच्या पाण्यांतील क्षार या मिसळण्यास अडथळा करतात. म्हणूनच हें यंत्र खाऱ्या पाण्यांत चालतें आणि गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीस त्याचा विशेष उपयोग होत नाहीं.

आतां त्याची मर्यादा. अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट हीं द्रव्यें पाण्यांत पूर्णपणें विरघळलेलीं असतात. तीं बुडबुड्याला चिकटत नाहींत, आणि म्हणून यंत्र तीं थेट काढूं शकत नाहीं. ज्या अन्नाच्या व मळाच्या कुजण्यापासून तीं निर्माण होतात, त्याचा कांहीं भाग कुजण्यापूर्वींच उचलणें एवढेंच त्याच्या हातीं आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन व त्यांचे सहकारी यांनीं २००९ आणि २०१० सालीं अशा यंत्रांचीं मोजमापें प्रसिद्ध केलीं. खाऱ्या पाण्यांत अल्ब्युमिन हें प्रथिन मिसळून तें किती वेगानें कमी होतें, हें त्यांनीं प्रथम पाहिलें. पुढें पाण्यांतील एकूण सेंद्रिय कार्बन मोजला. त्यांनीं तपासलेल्या यंत्रांपैकीं एकहि यंत्र त्या कार्बनाचा शेंकडा ३५ हून अधिक भाग काढूं शकलें नाहीं. आणि यंत्रायंत्रांतील अंतरहि जाहिराती वाचून वाटावें तेवढें मोठें निघालें नाहीं. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. उरलेल्या भागासाठीं नियमानें पाणी बदलणें, सच्छिद्र दगडांतील सूक्ष्म जंतूंची वस्ती जपणें आणि प्रसंगीं कोळसा वापरणें हीं कामें कोणतेंहि यंत्र टाळूं शकत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्राची निवड करतांना पेटीवर छापलेल्या लिटरांच्या आंकड्यावर विसंबूं नये. यंत्रास काम पुरवितात ते मासे आणि त्यांचें अन्न. २०० लिटरांत दोन लहान क्लाउनफिश असले तर मळ थोडा. त्याच टाकींत आठ खादाड मासे असले तर तो कितीतरी अधिक. छापील आंकडा बहुधा विरळ वस्ती गृहीत धरून दिलेला असतो. तेव्हां मध्यम वस्तीसाठीं सव्वा ते दीडपट क्षमतेचें यंत्र पाहावें. याहून फार मोठें घेण्यांत लाभ नाहीं. पाण्यांत मळ थोडा आणि गळा रुंद अशी स्थिति झाली म्हणजे फेस गळ्यांत टिकूनच राहत नाहीं; पेला कोरडा राहतो आणि विजेचा खर्च मात्र वाढतो.

दुसरी गोष्ट जागेची. पुष्कळ यंत्रें मुख्य टाकीखालच्या जोड-टाकींत उभीं करावयाचीं असतात आणि प्रत्येकास पाण्याची ठराविक खोली लागते. बाष्पीभवनानें पातळी दोन सेंटिमीटर उतरली तरी फेसाची उंची बदलते; म्हणून यंत्राच्या कप्प्यास आडभिंत घालून तेथील पातळी कायम राखावी. पेला वर उचलून काढण्यास मोकळी जागा आहे कीं नाहीं, हें पट्टीनें मोजून मगच दुकानांत जावें. तिसरी गोष्ट विजेची. हें यंत्र अहोरात्र चालतें. २० वॉटचा पंप ३० दिवसांत १४.४ युनिटें वीज घेतो आणि ४० वॉटचा त्याच्या दुप्पट. शिवाय वीज गेली म्हणजे नळकांड्यांतील पाणी जोड-टाकींत उतरतें. तेवढी जागा मोकळी ठेवलेली नसेल तर दिवाणखान्याच्या फरशीवरच समुद्र अवतरेल! यंत्र बसविल्यावर बटण मुद्दाम बंद करून ही परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत घ्यावी.

यंत्र चालूं केल्यावर पहिले पंधरा दिवस त्याच्याविषयीं मत बनवूं नये. नव्या भागांवरील तेलकट अंश फेस मोडतो. तो धुतला जाण्यास आणि गळ्याच्या आंतील बाजूस पातळ थर बसण्यास कांहीं दिवस लागतात. या अवधींत हवेची मोजणी करून ठेवावी. त्यासाठीं एक मोठी प्लास्टिकची बाटली घेऊन तिच्या बुडाला भोंक पाडावें, त्यांत यंत्राची हवा ओढणारी नळी बसवावी आणि सांधा मेणानें बंद करावा. बाटलीच्या तोंडापासून मोजून एक लिटर जेथें भरेल तेथें खूण करावी. नंतर खोल बादलींतील पाण्यांत बाटली उलटी धरून तिचें तोंड किंचित् बुडवावें. यंत्र हवा ओढूं लागलें कीं आंतील आणि बाहेरील पाणी एका पातळींत राहील अशा बेतानें बाटली खालीं नेत जावी, आणि पाणी खुणेपर्यंत पोंचण्यास किती सेकंद लागले तें घड्याळावर पाहावें. १२ सेकंद लागल्यास यंत्र तासाला ३०० लिटर हवा घेतें. पुढच्या महिन्यांत तेच काम १८ सेकंदांवर गेलें तर हवा २०० लिटरांवर आली, म्हणजे नळींत मीठ सांचलें, असें बहुधा समजावें. कोमट पाणी सोडून नळी धुतली कीं यंत्र पूर्ववत् चालूं लागतें.

पेल्यांत किती द्रव जमला, यावरून मात्र यंत्राची योग्यता ठरवूं नये. पातळी थोडी वाढवली कीं फिक्या चहासारखा भरपूर द्रव येतो; ती उतरविली कीं काळपट, दाट आणि थोडा येतो. पातळ फेसांतून चांगलें पाणीच अधिक बाहेर जातें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पेल्यांतून जाणाऱ्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानें करीत राहिल्यास टाकीचा खारेपणा नकळत उतरतो. तसेंच टाकींत हात घातल्यावर अथवा तेलकट अन्न टाकल्यावर फेस कांहीं तास बसून जातो, आणि एखादें औषध घातल्यास तो उतूं जातो. असे दिवस परीक्षेंत धरूं नयेत. गळ्याच्या आंतला ओशट थर तीन-चार दिवसांनीं पुसला नाहीं तर उत्तम यंत्रहि मंदावतें.

खरी परीक्षा टाकीच्या पाण्याचीच घ्यावयाची. मासे तेच, अन्न तेवढेंच, पाणी बदलण्याचें प्रमाण तेंच ठेवून दर रविवारीं नायट्रेट आणि फॉस्फेट मोजावें व सलग आठ आठवडे आंकडे लिहून ठेवावे. टाकीच्या एका टोंकास पांढरी बशी धरून दुसऱ्या टोंकाकडून पाहावें. पाणी पिवळें पडत चाललें असेल तर बशीच तें सांगते. जुन्या व नव्या यंत्राची तुलना करावयाची झाल्यास ती याच रीतीनें करावी.

आतां आमच्या वाचकांचा प्रश्न. दुकानदाराकडे जाण्यापूर्वीं त्यांनीं पाण्यांतील अमोनिया आणि नायट्राइट तपासावें. स्थिरावलेल्या टाकींत नेहमींच्या घरगुती तपासणींत हीं दोन्ही शून्य आलीं पाहिजेत. तीं आढळलीं, तर दुप्पट काय, दसपट मोठें यंत्रहि मासे वाचविणार नाहीं. त्या स्थितींत पाणी ताबडतोब बदलावें, अन्न निम्म्यावर आणावें, नवा मासा आणूं नये आणि सच्छिद्र दगडांत उपकारक जंतूंची वस्ती वाढण्यास कांहीं आठवडे जाऊं द्यावे. मात्र त्या दगडांसाठीं किनाऱ्यावरचें प्रवाळ उचलून आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण आहे. कृत्रिम सच्छिद्र दगडांनीं तें काम होतें. अमोनिया व नायट्राइट शून्य असूनहि मासे मरत असतील, तर रोगाचा संशय धरावा आणि नव्या माशाला कांहीं आठवडे वेगळ्या टाकींत ठेवण्याचा परिपाठ घालावा. हीं दोन्ही कारणें नसून नायट्रेट आठवड्यागणिक चढत असेल, आणि अन्न कमी करूनहि तें आटोक्यांत येत नसेल, तरच मोठ्या यंत्राचा विचार करावा. तोहि दीडपटीच्या आंत.

चिरंजीवांना यंत्राऐवजीं सध्यां तपासणीचीं रसायनें आणि एक वही आणून द्यावी. आठ आठवड्यांचे आंकडे त्यांत उतरले म्हणजे यंत्र हवें कीं नको हें दुकानदारास विचारण्याचें कारणच उरणार नाहीं; आणि टाकींतील उरलेल्या माशांच्या दृष्टीनें ती वही आज सर्वांत निकडीची आहे.