कुंडी बदलल्यावर बोन्साय रुसले तर?

आठ-दहा वर्षे पोटच्या पोरासारखे जपलेले वडाचे किंवा फायकसचे बोन्साय. कुंडी बदलली आणि आठवड्याभरात पाने पिवळी पडून गळू लागली, की घरातल्या सगळ्यांचा जीव खालीवर होतो. मग कुणी जास्त पाणी घालते, कुणी खत देते, तर कुणी झाड उन्हात नेऊन ठेवते. अनेकदा झाड दगावते ते या उपचारांनीच.

पाने का गळतात? कुंडी बदलताना मुळांची छाटणी होते. पाणी शोषण्याचे काम केसासारखी बारीक मुळे करतात आणि नेमकी तीच तुटतात. पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडत असतात. जमाखर्चाचा मेळ बसेना, की झाड पाने टाकून देते. ही त्याची काटकसर असते.

प्रथम झाडात जीव आहे का ते पाहावे. बारीक फांदीची साल नखाने हळूच खरवडावी. आत हिरवे, ओलसर दिसले तर चिंता नाही. वड, पिंपळ, फायकस यांतून पांढरा चीक आला तर आशा मुळीच सोडू नये. टोक वाळलेले असल्यास हिरवे लागेपर्यंत खाली तपासत जावे व वाळका भाग कापावा.

पाने गळालेले झाड पाणी कमी पिते. म्हणून बोटाने चाचपून वरची माती कोरडी होऊ लागल्यावरच पाणी द्यावे. कुंडीतून कुबट वास येत असेल, तर मुळे कुजू लागली असे समजावे. झाड अलगद काढून काळी, मऊ पडलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि पानांचे कुजलेले खत यांचे मिश्रण धूळ चाळून वापरावे. छिद्रांवर जाळी ठेवावी आणि झाड तारेने कुंडीला बांधावे. झाड हलत राहिले तर नवी कोवळी मुळे तुटतात.

कुंडी भरपूर उजेडाच्या, पण थेट ऊन व वारा न लागणाऱ्या जागी ठेवावी. चार काड्या रोवून वर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घालावी. आत दमटपणा टिकतो. रोज थोडा वेळ ती उघडावी. जेडला मात्र पिशवी घालू नये. त्याच्या मांसल पानांत पाण्याचा साठा असतो. मुळे छाटल्यावर त्याला ५-६ दिवस पाणी न देणेच चांगले.

नवी पाने येऊन स्थिरावेपर्यंत खत, छाटणी, तार बांधून वळण देणे, सारे बंद. सुमारे ६ आठवडे धीर धरावा. पुढच्या वेळी कुंडी बदलायची ती उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर. उत्तरेकडे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर नकोच. उष्ण प्रदेशातील या झाडांची मुळे थंडीत फारशी वाढत नाहीत.

फांदीच्या टोकाशी हिरवा कोंब दिसला, की समजावे, झाडाचा रुसवा गेला!