डब्यातली चवळी आणि गटारातला माणूस



डिसेंबर 2024 मध्ये इस्रोने चवळीच्या आठ बिया एका बंद डब्यात अंतराळात पाठवल्या. चार दिवसांत कोंब फुटले. डब्यातलं तापमान, दमटपणा, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सतत मोजला जात होता. माणसाला वर महिनोन्‌महिने राहायचं तर हवा, पाणी, अन्न बंद जागेतच पुन्हा पुन्हा तयार करावं लागेल, त्यासाठीचं हे संशोधन.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "पोरांना वसतिगृहात धड जेवण नाही आणि तुम्हाला अंतराळ सुचतंय!" जेवणासाठी भांडूच. पण हे विज्ञान कशाचं आहे ते तरी बघा. अंतराळ स्थानकात मूत्र, घाम, श्वासातली वाफ गोळा करून पिण्याचं पाणी करतात. 2023 मध्ये 98 टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. जे काम जन्मावरून आपल्या माणसांच्या माथी मारलं आणि वर त्यांनाच विटाळ ठरवलं, तेच वर गेलं की अभियांत्रिकी होतं, त्यावर पीएचडी मिळते! आणि खाली, 2013 चा कायदा असूनही, आतली हवा न मोजता माणूस गटारात उतरवला जातो. गुदमरून मरतो. मग बंद जागेतल्या श्वासाचं शास्त्र आपण नाही शिकायचं तर कुणी?

आमचं सिद्धेश्वर औंढा नागनाथ तालुक्यात. याच तालुक्यात 2600 कोटींचा लायगो प्रकल्प मंजूर झालाय. तिथे आपली पोरं फक्त मजूर आणि वॉचमन म्हणून जाणार का? प्रयोगशाळा नाही ही सबब आम्हाला मान्य नाही. झाकणाचा पारदर्शक प्लास्टिक डबा, एलईडी पट्टी, कॉम्प्युटरचा जुना पंखा, तापमान-आर्द्रतेचा आणि कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर, एक छोटं मायक्रोकंट्रोलर: पाच-सात हजारांत काम होतं. खरी कसरत हवाबंद करण्याची. झाकणाच्या कडेला सिलिकॉन लावा, रिकाम्या डब्यात फुंकर मारा. आकडा हळूहळू उतरला तर कुठेतरी गळतंय. मग चवळी पेरा. उजेडात पानं कार्बन डायऑक्साइड ओढतात, अंधारात सोडतात. दोन्हींचे आकडे वहीत हवेत.

समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात असा डबा हवा. बार्टी आणि अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा याला का मिळू नये? निवेदनं देऊच. तोवर येत्या 14 एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि तुमच्या विहारात पहिला डबा बसवा.